सोमवारची गाडी

महिपतराव मास्तरांच्या शाळेला भिंती चारच होत्या, त्याही बाहेरच्या. शाळा म्हणजे सोलापुरातलं एक जुनं कापसाचं गोदाम. आत पहिलीपासून सातवीपर्यंतचे वर्ग गोणपाटाचे पडदे टांगून वेगळे केलेले. त्यामुळे चौथीचे पाढे सहावीच्या कवितेत शिरायचे आणि पहिलीतलं एखादं पोर रडायला लागलं की सातवीची भूमिती जागच्या जागी थांबायची. सरकारी ग्रँट नाही, सरकारी इन्स्पेक्टर नाही. मास्तरांना पटेल ते शिकवायचं. टकळीवर सूत काढायचं, लेझीम खेळायचं, मागच्या अंगणात वांगी लावायची, आणि मुलं-मुली एकाच सतरंजीवर बसायची. पेठेतले लोक म्हणायचे, "ही शाळा कसली, सिद्धेश्वराची जत्रा आहे." जत्रेतल्या एकशेदहा पोरांची मात्र त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

फाटकाशी एक फळा होता. त्यावर दर शनिवारी 'पुढला आठवडा' लिहिला जायचा. कुठल्या वारी कवायत, कुठल्या वारी सूतकताई, कुणाच्या वर्गाची सहल. लिहायचं काम शाळेच्या चिटणिसाचं, आणि आजवरचे सगळे चिटणीस मुलगेच होते. यंदा मात्र मुक्ता झाली होती.

मुक्ता सहावीत होती. दिवाळीपर्यंत ती उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. मग एक दिवस तिनं केला, उत्तर बरोबर आलं, आणि त्यानंतर तो हात खाली आलाच नाही. मास्तर म्हणायचे, "मुक्ता, जरा दुसऱ्यांनाही चुकायची संधी दे." ती हसायची आणि पुन्हा हात वर करायची. गेल्या वर्षीचा चिटणीस श्रीमंत, सातवीतला, त्याला हे मुळीच पसंत नव्हतं. "फळ्यावर अक्षर चांगलं आलं म्हणजे कार्यक्रम होत नसतो," तो म्हणायचा. "कार्यक्रमाला डोकं लागतं."

"मग तुझे कसे झाले?" मुक्ता विचारायची.

मुक्ताच्या शेजारी दानम्मा बसायची. दोघींची वही वेगळी, पेन्सिल एकच. दानम्मा कुंभारीची. कुंभारी सोलापूरपासून पाच-सहा मैलांवर. आठवडाभर ती शहरात गुरम्मा आत्याकडे राहायची आणि शनिवारी दुपारी गावाकडच्या कुणाबरोबर तरी घरी जायची. घरी सगळं कानडी. शाळेत येईपर्यंत तिला मराठी धड येत नव्हती. आता व्याकरणात ती मुक्ताच्या चुका काढायची. पण बोलणं मोजकं. विचारलं तेवढंच सांगायची, वर एक शब्द नाही.

जत्रा उठून आठ दिवस झाले असतील. दानम्माचे वडील सिद्धाप्पा शाळेत आले आणि मास्तरांसमोर उभे राहून म्हणाले, "सा इयत्ता लई झाल्या. आता पोरीला न्हेतो."

दानम्मा खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत बसली. मास्तरांनी सातवीचं सांगितलं, फायनलची परीक्षा सांगितली, फायनल झालेल्या मुलीला पुढं मास्तरीण होता येतं तेही सांगितलं. सिद्धाप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी सांगता ते कानानं ऐकलं. शाळा काय करती ते मला डोळ्यानं दिसाया पायजे. आमच्या पोरी शिकून काय करत्यात, कुनाला म्हाईत?"

"दिसेल की!" पडद्याआडून डोकं काढून मुक्ता ओरडली. "आम्ही शाळाच तुमच्या गावात आणतो!"

सगळं गोदाम गप्प झालं. पहिलीसुद्धा. मास्तरांनी मुक्ताकडे पाहिलं. पोरानं चारचौघांत शब्द दिला की तो मोडायचा नाही, अशी त्यांची एक विचित्र सवय होती. "चिटणीसबाई बोलल्या," ते म्हणाले, "म्हणजे ठरलं."

सिद्धाप्पांना हसू आलं. "आना की. सामानाला माजी गाडी देतो. बैल दमदार हायत. पर ऐका, बगून पटलं न्हाय तर पोरगी त्याच दिवशी घरी ठिवून घेनार. मग परत कुनी बोलायचं न्हाय."

अशी ती गोष्ट ठरली. दानम्मा रडली नाही. फक्त त्या दिवशी पेन्सिल तिनं मुक्ताला परत दिलीच नाही.

आता वार कुठला धरायचा? मुक्तानं लगेच दानम्माला गाठलं.

"तुमच्या गावातले पुरुष कुठल्या वारी घरी असतात? शेतावर जात नाहीत असा वार?"

"सोमवार," दानम्मा म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."

झालं! मुक्तानं मास्तरांना विचारून सोमवार पक्का केला. कुंभारीच्या देवळाचं पटांगण मागून घेतलं. शनिवारची वाट न बघता बुधवारीच फळ्यावर गेरूनं चौकट काढून ठळक अक्षरांत लिहिलं: 'येत्या सोमवारी कुंभारी येथे शाळेचे संमेलन. कवायत, लेझीम, सूतकताई, प्रदर्शन, नाट्यप्रवेश व भाषणे. एकूण कार्यक्रम अकरा.' मग वहीचं पान फाडून सिद्धाप्पांना चिठ्ठी लिहिली: 'सोमवारी पहाटे गाडी जुंपून शाळेपाशी पाठवावी. उशीर करू नये.' खाली सही, 'मुक्ताबाई, चिटणीस'. 'बाई' लिहिताना तिला फार बरं वाटलं. चिठ्ठी तिनं कुंभारीहून रोज दूध घालायला येणाऱ्या येडूच्या हाती दिली. दानम्माला दाखवली नाही. तिला काय दाखवायची? तिच्याच घरची तर गाडी.

शुक्रवारी सकाळी येडू दुधाची घागर फाटकात टेकवून कपाळ पुसत उभा राहिला.

"ती चिठी लिवनारी बाई कंची?"

"मी!"

येडूनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू व्हय? मला वाटलं, कुनी थोराड बाई आसंल." मग आवाज उतरवून म्हणाला, "आगं, काय लिवलंस! सिद्धाप्पाला मराटी वाचाया येत न्हाय. गावच्या मास्तरनं देवळाच्या कट्ट्यावर बसून मोट्यानं वाचली. सगळं गाव बसल्यालं. सोमवारी बैल जुपा म्हनती शाळा! सिद्धाप्पाचं तोंड आसं झालं."

"का? काय झालं?"

"सोमवारी कोन बैल जुपतं व्हय? बसवण्णाचा, नंदीचा वार त्यो. नांगर न्हाय, मोट न्हाय, गाडी न्हाय. बैलाच्या मानंवर त्या दिवशी काडी ठिवत न्हाईत आमच्यात. सिद्धाप्पा म्हनला, ज्या शाळंला एवडं ठावं न्हाय, ती माज्या पोरीला काय शिकवनार? या म्हनला सोमवारी. पर गाडी बिडी काय न्हाय."

मुक्ता तशीच धावत आत गेली. दानम्मा टकळीवर सूत काढत होती.

"तू सांगितलं का नाहीस? सोमवारी बैल जुंपत नाहीत म्हणून!"

दानम्मानं सूत तुटू दिलं नाही. "तू विचारलंस, पुरुष घरी कधी असतात. मी सांगितलं."

"पण का असतात ते?"

"ते तू विचारलं नाहीस." मग तिनं टकळी खाली ठेवली. "मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं. सोमवार म्हणजे सोमवार."

मुक्ताला ओरडावंसं वाटलं आणि कुणावर ओरडायचं ते कळेना. घरी जाऊन तिनं आईला विचारलं. तिची आई रंभाबाई करमाळ्याकडची, गिरणीत कामाला. ती म्हणाली, "आपल्याकडं नव्हतं बाई आसलं. माज्या बाचं औत सोमवारी बी चालायचं. ज्याचा त्याचा देव आसतो. तुला काय ठावं?" आणि थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "पर इचारायला तोंड हाय की तुला. येरवी तर लई चालतं."

शनिवारी शाळा सुटल्यावर मास्तरांनी मोठ्या मुलांना थांबवून घेतलं. सामानाचा ढीग मध्ये मांडलेला होता. पायपेटी, पृथ्वीचा गोल, पंचवीस लेझमी, टकळ्यांची टोपली, प्रदर्शनातल्या नकाशांच्या गुंडाळ्या, आणि नाटकाचा पडदा, ज्यावर सिद्धेश्वराचं तळं रंगवलं होतं आणि तळ्यात एक हंस पोहत होता. तो बदकासारखा दिसतो असं सगळ्यांचं मत होतं.

"वार बदलू," श्रीमंत म्हणाला. "फळा पुसायचा आणि नवा लिहायचा. माझ्या वेळी..."

"बदलून कसं चालेल?" मुक्ता म्हणाली. "पटांगण सोमवारचं. माणसं सोमवारी घरी. आणि त्यांनी निरोप पाठवलाय, सोमवारी या. नाही गेलो तर मंगळवारी दानम्मा शाळेत नसेल."

"मग टांगा करा. घोड्याला कुठं सोमवार असतो?"

हशा उठला. दानम्मासुद्धा हसली. पण मुक्ता ढिगाकडे बघत होती. टांग्यात एवढं मावणार नव्हतं, आणि त्या दिवशी कुठलंही जनावर जुंपून त्या गावात शिरायचं तिला धाडस होईना.

"मास्तर, आम्ही उचलून नेतो."

"कोण आम्ही?"

"तिसरीपासून वरचे सगळे. सत्तर जण आहोत. एकेकानं एकेक वस्तू घ्यायची."

"सहा मैल?" श्रीमंत म्हणाला. "पायपेटी? ती तुझा बाप उचलणार का?"

"तू उचलशील. तू आणि तुझ्या वर्गातला बाळासो. वेळूला बांधून, पालखीसारखी." मुक्ता जराही हसली नाही. "डोकं माझं चुकलं, खांदा तुझा घेते."

श्रीमंतनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पंच्याच्या टोकाला उगाच घड्या घालत बसले होते. "चिटणीस ती आहे," ते म्हणाले. "मी फक्त पाण्याची घागर घेतो."

सोमवारी तांबडं फुटायच्या आत सगळी पोरं निघाली. दानम्माही होती, त्या शनिवारी ती घरी गेलीच नव्हती. पुढं कवायतीचं निशाण, मागं लेझमी. त्या न खेळताही वाजत होत्या. पायपेटी वेळूवर झुलत होती आणि दर शंभर पावलांवर कण्हल्यासारखा एक सूर काढत होती. पृथ्वीचा गोल मुक्तानं घेतला होता. हातात धरून हात भरून आले, तेव्हा तिनं लुगड्याच्या चिंधीची चुंबळ करून तो सरळ डोक्यावर घेतला, घागरीसारखा. वाटेत कापसाच्या वेचणीला निघालेली एक म्हातारी उभी राहिली.

"काय गं पोरी, कसला भोपळा म्हनायचा ह्यो?"

"पृथ्वी आहे, आजी!"

"आसंल," म्हातारी म्हणाली. "संभाळ, पाडशील."

तिसरीतल्या दोघांना निम्म्या वाटेत रडू आलं. त्यांच्या लेझमी मोठ्यांनी घेतल्या. पडद्याच्या बांबूचं एक टोक सारखं धुळीत घासायचं, त्यामुळे हंस आता खरंच बदक झाला. ऊन चढायच्या सुमाराला कुंभारीची वेस दिसली.

देवळाच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. खरंच, सगळे पुरुष घरी होते. लिंबाखाली बैल धुऊन, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून निवांत रवंथ करत उभे होते. सिद्धाप्पा कट्ट्यावरून उतरले. ते पोरांकडे बघत नव्हते. पोरांच्या मागं, रस्त्यावर, गाडी शोधत होते.

"गाडी कुटं हाय?"

"गाडी नाही," मुक्ता म्हणाली. पृथ्वी अजून तिच्या डोक्यावरच होती.

"मग ह्ये समदं?"

"डोक्यावर. आणि खांद्यावर."

सिद्धाप्पांनी पायपेटीखाली वाकलेल्या श्रीमंतकडे पाहिलं. "हं," म्हणाले, आणि परत जाऊन बसले. ते 'हं' चांगलं की वाईट, मुक्ताला काही कळलं नाही. दानम्माला विचारलं, तर तिलाही नाही.

पटांगणात पोरं ओळीनं बसली. मास्तर उठून प्रास्ताविक करणार, तेवढ्यात मुक्ता पुढं झाली. तिच्या हातातल्या कागदावर हे नव्हतं.

"आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "सोमवारी गाडी जुंपा, असं मी लिहिलं होतं. मास्तरांनी नाही, दानम्मानं नाही. मी दानम्माला विचारलं, पुरुष घरी कधी असतात. का असतात ते विचारलं नाही. आम्ही करमाळ्याकडचे, आमच्याकडं हा वार नाही. चूक माझी आहे. शाळेची नाही."

कानडीत कुणीतरी कुणाला तरी समजावून सांगितलं. मागं बसलेल्या बाया हसल्या. एक जण म्हणाली, "बाई म्हनून सही केल्ती नव्हं? ही एवडीशी?" सिद्धाप्पा हसले नाहीत, पण त्यांनी हात हलवला. पुढं चालू द्या, अशा अर्थाचा.

प्रास्ताविक झालं, कवायत झाली. लेझीम झाली, तेव्हा गावची पोरं मागं नाचली. सूतकताईला गावच्या म्हाताऱ्यांनी "आमच्यापरीस बारीक काडत्यात की" म्हटलं. सिद्धाप्पा सगळं बघत होते, तोंडावर काही न दाखवता. मग पाचवा कार्यक्रम आला: दानम्मा, 'आमचं गाव'.

दानम्मानं जाड कागदावर कुंभारीचा नकाशा काढला होता. दर शनिवार-रविवार ती पावलांनी रान मोजत हिंडायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिनं काठी घेतली आणि आधी कानडीत, मग मराठीत सांगायला लागली. देऊळ हे, वेस ही, ओढा असा वळतो. हे आमचं शेत. ही झोपडी, इकडं मल्लाप्पांचा बांध, ही विहीर.

"थांब," सिद्धाप्पा म्हणाले.

काठी थांबली.

"हीर मधी हाय. झोपडी आन् बांध, दोनीच्या बरोब्बर मधी. तू बांधाकडं सरकवलीस."

"नाही, अप्पा. बांध जवळ आहे. झोपडी लांब."

"माज्या बानं मधी बगून खांदली. जलमभर सांगायचा. मी तीस वर्सं पानी काडतोय."

"मी मोजलंय," दानम्मा म्हणाली. "झोपडीपासून चौऱ्याऐंशी पावलं. बांधापासून एकसष्ट."

मुक्तानं चटकन दानम्माकडे पाहिलं. सगळ्या गावासमोर बापाला 'नाही' म्हणाली होती. आता सगळं संपलं. दानम्माची काठी विहिरीवरून हलली नव्हती.

सिद्धाप्पा उठले. पायतण घातलं. "चल," म्हणाले, "बगू."

ते निघाले तशी दानम्मा निघाली, येडू निघाला, मग कट्टाच निघाला. पोरं मास्तरांकडे बघायला लागली. मास्तर मुक्ताकडे. सहा कार्यक्रम राहिले होते. नाटकातला राजा मिशा लावून तयार होता. मुक्तानं क्षणभर हातातला कागद पाहिला, तो कमरेला खोचला आणि म्हणाली, "उठा! कार्यक्रम विहिरीवर आहे!"

शेत फार लांब नव्हतं. जोंधळा कणसाला आला होता. झोपडीच्या उंबऱ्याला टाच लावून सिद्धाप्पा उभे राहिले आणि विहिरीकडे चालू लागले, एकसारखी, दानम्मापेक्षा लांब पावलं टाकत. शाळेची पोरं मराठीत मोजत होती, गाव कानडीत मोजत होतं, आणि पन्नासाच्या पुढं दोन्हीकडचे आकडे एकमेकांत इतके मिसळले की सिद्धाप्पांना मध्येच थांबून सगळ्यांना गप्प करावं लागलं. विहिरीच्या काठाशी आकडा आला सत्तर. तिथून बांधापर्यंत एक्कावन्न.

मोट ओढताना बैल चालतात ती धाव आज रिकामी होती.

"बा मधी म्हनायचा," सिद्धाप्पा म्हणाले, अगदी हळू.

"आज्जांनी मोजलं नसेल," दानम्मा म्हणाली. "बघितलं असेल नुसतं."

येडूला राहवलं नाही. "बगा की, म्हंजी ती करमाळ्याची पोरगी इचारायची इसरली, आन् आपला सिद्धाप्पा मोजायचा!"

हसण्याचा मोठा गलका झाला. सिद्धाप्पांनी येडूकडे असं पाहिलं की शहरात घालायचं दूध आता दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावं लागेल असं येडूला वाटलं असावं. पण मग त्यांनी दानम्माच्या हातातला नकाशा घेतला, जमिनीवर पसरला आणि त्यावर वाकून बराच वेळ बोट फिरवत बसले. झोपडी. विहीर. बांध. ओढा.

"हितं चिंच हाय," एकदा म्हणाले. "ती ऱ्हायली."

"राहिली," दानम्मा म्हणाली, आणि खिशातून पेन्सिल काढून चिंच काढली. ती पेन्सिल मुक्ताची होती.

बाकीचे सहा कार्यक्रम तिथंच धावेवर झाले. राजाच्या मिशा घामानं पडल्या. गावानं सगळ्यांना हुरडा खाऊ घातला. परत निघताना सामान उचलायला पोरं वाकली, तर सिद्धाप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आज न्हाय. आज बैल सुटीवर हायत." आणि दानम्माला म्हणाले, "तू चल घरी."

दानम्मा त्यांच्या मागोमाग गेली. मुक्तानं सहा मैल रिकाम्या हातांनी चालून पाहिलं. येताना पृथ्वी होती तेव्हा सोपं होतं.

मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी शाळेत आली. फाटकापाशी उभी राहिली. कवायतीची घंटा झाली, तरी आत गेली नाही. श्रीमंत एकदा बाहेर डोकावला आणि खांदा चोळत तसाच आत गेला.

मग रस्त्याच्या वळणावर घुंगरं वाजली. गाडी आली. वर पायपेटी, लेझमी, गुंडाळलेला पडदा, आणि पायपेटीवर दप्तर मांडीत घेऊन बसलेली दानम्मा.

सिद्धाप्पांनी कासरा ओढला. "मास्तर कुटं हायत? सामान आनलंय." मग जरा थांबून, "पोरगी बी आनलीय. सातवी करू द्या. पर नकाशा मी ठिवून घेतलाय. आन् पेरनीच्या दोन हप्त्यात ती घरी ऱ्हाईल. ते मी आदी सांगतो."

"का?" मुक्तानं विचारलं.

सिद्धाप्पा बघतच राहिले. "का म्हंजी? बी टाकाया मानूस लागतं."

"कुठले दोन हप्ते? नक्की सांगा. म्हणजे परीक्षा त्यात धरायला नको."

त्यांनी नक्षत्रं सांगितली. मुक्तानं वहीच्या पाठीवर लिहून घेतली. दानम्मा गाडीतून उतरली, फाटकातल्या फळ्याशी गेली आणि बुधवारचा मजकूर फडक्यानं पुसायला लागली.

"पुढल्या सोमवारी काय लिहू?" तिनं विचारलं.

"थांब," मुक्ता म्हणाली, आणि हाक मारली, "सिद्धाप्पा, सोमवारी माणसांनी काय काय करायचं नसतं? सगळं सांगा. एकेक करून."

सिद्धाप्पा बैल सोडून सावलीला बसले. हे काम लवकर आटपणारं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.